केक-आजी, चिंच-आजी

डीमन, हॉलंड, २२ सप्टेंबर २००५

वृंदाताई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. दचका. विहीणबाईंनी आपणहून पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. फोनवर आपण दोघी काय ते गोड बोलतो! पण संहिता शेजारी उभी असते. लेकीच्या देखत तिच्या आईला मी काय सांगणार, आणि सासूच्या देखत ती तुम्हाला काय सांगणार? म्हणून कागद घेतला.

मी पोचले. घर चांगलं आहे, बाल्कनीतून ट्राम दिसते, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. कारण मार्चमध्ये मी यायची होते आणि आलात तुम्ही. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. लेकीचं घर, आईचा मान पहिला. माझं काय, मुलाचीच आई मी.

अवनी वाळली आहे. गाल पार बसले आहेत. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सीलिअक म्हणून सांगितलं, गहू-मैदा-रवा जन्मभर बंद, तेव्हा तुम्ही फोनवर रडलात म्हणे. मी रडले नाही. मी तिकीट काढलं. आता तीन महिने हे स्वयंपाकघर माझं. संहिता सकाळी युट्रेख्टची गाडी पकडते, सारंगही ऑफिसला जातो. पोरीच्या पोटात काय जायचं ते मी बघणार. गव्हाच्या पिठाचा डबा मी आल्या दिवशी खालच्या शेजाऱ्यांना देऊन टाकला. पोळपाट, लाटणं, तवा सगळं नवीन घेतलं. चिंचवडहून माझं तिखट, हळद, गोडा मसाला आणि हिंग आणलाय. इथल्या वस्तूंचा काय भरवसा! पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढवूनच मी विमानात बसेन.

‘अवनीला माझी आठवण येते का?’ असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. मी ‘आवाज तुटतोय’ म्हटलं. तर उत्तर असं, की लहान मूल ते. विसरतात मुलं.

व्याह्यांना नमस्कार.

— सुरेखा


डीमन, ९ ऑक्टोबर २००५

वृंदाताई,

नवरात्रातलं पत्र आहे, तेव्हा जरा सात्त्विक लिहीन म्हणते.

परवा भगर आणि दाण्याची आमटी करताना एकदम डोक्यात आलं, अगं बाई, आपला उपास म्हणजेच या मुलीचा रोजचा आहार! राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा, कशातही गव्हाचा कण नाही. इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी संहिताला पानभर नावं लिहून दिली होती, आणि आपण ते सगळं एकादशीला खात आलो. मी इतकी खूश झाले की सारंगला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

आता केकचं सांगते. नोव्हेंबरअखेर तिचा सहावा वाढदिवस. मी म्हटलं, केक मी करणार. दुकानातही मिळतो बिनगव्हाचा, पण खाताना भिंतीचा पोपडा तोंडात गेल्यासारखं होतं.

पहिला केक नुसत्या तांदळाच्या पिठीचा केला. सुरी लावली आणि वाळूचा किल्ला ढासळावा तसा ढासळला. सारंग चमच्याने खाऊन ‘छान आहे आई’ म्हणाला. लहानपणापासून खोटारडा.

दुसऱ्याला वाटलं, चिकटपणा हवा. इथे मैझेना नावाचा पुडा मिळतो, म्हणजे आपलं कॉर्नफ्लॉवर. निम्मं ते घातलं. वर तडे आणि आत लापशी! दाताखाली करकर वाजत होतं.

तिसऱ्याची तर कथाच. खायचा सोडा संपला म्हणून सारंगला सांगितलं. तो सुपरमार्केटातून ‘सोडा’ लिहिलेला भला मोठा पुडा घेऊन आला. मी उघडून बघते तर खडे! धुण्याचा सोडा हो, मोऱ्या घासायचा! इथे सोडा म्हटलं की तोच, खायचा वेगळ्याच नावाने औषधांच्या दुकानात मिळतो. इंजिनिअर झालाय, पण सोड्यातला सोडा कळत नाही. मी बघितलं म्हणून बरं.

मग खरा सोडा आणून, दही घालून फेटलं. पण ओव्हनची बटणं! कुठल्या चित्रावर काटा ठेवायचा हे फोनवर विचारेपर्यंत पीठ पातेल्यात बसून राहिलं आणि सोड्याचा जीव गेला. ढोकळ्याला सोडा शेवटी घालून लगेच चढवायचा, हे मला काय कळत नाही? पण केक म्हटला की मी कच खाते.

अवनीने एक घास घेतला, बाजूला ठेवला आणि मला समजावलं. ती डचमध्ये बोलते, मी मराठीत, आणि तरी आमचं भांडण व्यवस्थित होतं. म्हणाली, केक करायचं काम केक-आजीचं आहे.

केक-आजी म्हणजे तुम्ही. तुमचं मिरज तिच्या लक्षात राहत नाही. चिंचवडचं तिने अर्धंच उचललंय, म्हणून मी चिंच-आजी.

लिहिणार नव्हते हे. लिहून गेले. खोडलं तर कागद खराब दिसेल.

— सुरेखा


डीमन, २१ ऑक्टोबर २००५

वृंदाताई,

पार्सल पोचलं. तुमच्या शेजारचा प्रणव आयंडहोवनला नोकरीवर रुजू झाला, आणि रविवारी स्वतः येऊन देऊन गेला. गुणी मुलगा. चहा घेतला, पोहे खाल्ले आणि तासभर मिरजेच्या वृंदामावशींचं कौतुक केलं. मी ऐकलं. दुसरं काय करणार, पोहे माझे होते ना!

ज्वारीचं पीठ, तांदळाची पिठी, साबुदाण्याची पिठी, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत, मेणबत्तीवर तोंडं बंद केलेली, वर तुमचं ते मोत्यासारखं अक्षर. संहिता पुडे हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत होती. माझ्या गोड्या मसाल्याकडे असं कधी बघितलं नाही तिने.

तुमची कृतीही वाचली. तुम्ही म्हणे गोल ओव्हनमध्ये केक करकरून अख्ख्या गल्लीला खायला घातलेत. आणि गव्हाचा चिवटपणा यावा म्हणून काय, तर इसबगोल! वृंदाताई, आमचे हे रात्री कोमट पाण्यातून घेतात तो इसबगोल? मी हसले, मोठ्याने हसले. संहिता नाही हसली. ‘आईने विचार करूनच लिहिलं असेल,’ एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

बरं. बघू. वेळ मिळाला तर करून बघेन.

तुम्ही फोनवर लेकीला विचारत होतात, वाढदिवसाला येऊ का म्हणून. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. स्पष्टच लिहिते, या थंडीत तुमच्या गुडघ्यांना इथलं सोसायचं नाही. घर लहान, दोन आज्या मावणार कुठे? मी आहे ना. मला हवं तर मुक्काम वाढवून घेता येईल का, ते सारंग बघतोय. तुम्ही आपली काळजी घ्या.

— सुरेखा


डीमन, ६ नोव्हेंबर २००५

वृंदाताई,

दिवाळी झाली. कशी झाली विचारू नका.

अवनीचं पोट पुन्हा बिघडलंय. फुगतं, दुखतं, शाळेतून दोनदा फोन आला की घेऊन जा. वजन वाढायचं सोडून उतरलं. मी मूठभर मांस चढवणार होते ना, ते असं झालं. काल सोफ्यावर पोट धरून पडली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, मम्मा कधी येणार? आजी शेजारी बसलेली असताना!

मी सगळं जपून केलं. चकल्यांची भाजणी नुसती तांदूळ आणि डाळींची, लाडू बेसनाचे, करंज्यांना फाटा दिला. पोटाला सोसावं म्हणून चकलीत, चिवड्यात, आमटीत हिंगाचा हात सढळ ठेवला. या घरात गव्हाचा कण नाही, मी सांगते!

आता मला एक विचारायचंय. राग मानू नका, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. ती पिठं तुम्ही कुठे दळलीत? गिरणीतच ना? गिरणीत आधीचं दळण गव्हाचंच असणार. दगडांत, पट्ट्यात, सगळीकडे गहू. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, चिमूटभरसुद्धा पुरतो. तुमचं पार्सल आलं आणि पंधरवड्यात मूल आडवं झालं, हे मी नाही, कॅलेंडर सांगतंय.

संहिताला मी अजून बोलले नाही. तुम्हीच सांगा तिला.

— सुरेखा


डीमन, १४ नोव्हेंबर २००५

वृंदाताई,

मी पत्र कुरिअरने पाठवलं, तुमचं कार्डही कुरिअरनेच आलं. एकच ओळ. ‘धान्य धुऊन, सुकवून घरी मिक्सरवर दळलं, मिक्सरचं भांडंही नवीन घेतलं होतं.’ खाली सहीसुद्धा नाही.

बरं, राहिलं. एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात? शंका आली, विचारली.

संहिता म्हणते, आई फोनवर नीट बोलत नाही. ‘ये’ म्हटलं तर ‘नको बाई, माझ्याने मुलीला अपाय व्हायचा’ म्हणते. मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

शुक्रवारी आहारतज्ज्ञ बाईंकडे जायचंय. त्यांनी सांगितलंय, मुलीच्या पोटात जाणारी घरातली प्रत्येक वस्तू मूळ डब्यासकट घेऊन या. तुमचे पुडेही नेणार आहे. वरतीच ठेवणार आहे पिशवीत. होऊन जाऊ दे एकदा.

— सुरेखा


डीमन, १९ नोव्हेंबर २००५

वृंदाताई,

काल जाऊन आलो. हे पत्र बसून नीट वाचा.

टेबलावर मी सगळं मांडलं, तुमचे पुडे पुढे. बाई उंच, हसऱ्या, इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या. मी आधीच सांगून टाकलं, ‘हे इंडियाहून आलंय, यात गडबड आहे.’ त्यांनी पुडा उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग संहिताला विचारलं, ‘हे तर उघडलेलंच नाही. हे मुलीने कधी खाल्लं?’

वृंदाताई, ते पुडे पार्सल आलं त्याच दिवशी मी वरच्या कपाटात, मोठ्या पातेल्यामागे ठेवले होते. एकही फोडला नव्हता. म्हणजे दिवाळीच्या पत्रात मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं बघा. पार्सल आलं, मूल आजारी पडलं, दोन्ही खरंच. मी कुठे म्हटलं होतं की तिने खाल्लं? वाक्यं अगदी मोजूनमापून बसवली होती. इतकी हुशारी केकमध्ये दाखवली असती तर तो फुगला असता.

संहिताने माझ्याकडे बघितलं. मग पुडा बाईंच्या हातून घेऊन पिशवीत जपून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाई एकेक वस्तू बघत होत्या. तिखट, हळद, मसाला, बेसन. मग माझी हिंगाची डबी. ती पांढरी डबी, जी मी चिंचवडहून जिवापाड जपून आणली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला, मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि डबी संहितासमोर ठेवून बोट टेकवलं.

गव्हाचं पीठ. नुसता हिंग उग्र असतो, म्हणून पिठात बांधतात. निम्म्याहून जास्त गहूच त्या डबीत. मी जन्मभर फोडणीत टाकत आले आणि एकदाही वाचलं नाही. हिंगाची डबी कोण वाचतं हो?

आल्यापासून रोज, वरणात, आमटीत, भाजीत. दिवाळीत तर सढळ हाताने. पोट दुखतंय म्हणाली की मी तिच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचे आणि ताकातही चिमूट टाकायचे. जेवढी ती आजारी, तेवढा हिंग जास्त. मी, वृंदाताई. तुम्ही नाही. गहू माझ्या हातातून गेला.

परत येताना ट्राममध्ये अवनी माझ्या मांडीवर बसली. तिला काहीच कळलं नव्हतं, खिडकीवर बोटाने घोडे काढत होती. मी मात्र रडले. ऑगस्टचं राहिलेलं सगळं रडले. समोरच्या डच म्हाताऱ्याने मला रुमाल दिला. तो परत घ्यायचा विसरून उतरला.

घरी आल्यावर संहिता एवढंच म्हणाली, ‘आई, हिंग आजपासून नको. आणि माझ्या आईला तुम्हीच लिहा.’ लिहिलं.

— सुरेखा


डीमन, ४ डिसेंबर २००५

वृंदाताई,

तुम्ही उलट टपाली शिव्या द्याल असं वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत काय, तर ‘माझ्याही डबीवर तेच आहे, आजच वाचलं. माझ्याही हातून झालं असतं.’ असं लिहायची काय गरज होती? चांगलं वागून माणसाला छळता तुम्ही. इथेही तुम्हीच वरचढ.

वाढदिवस झाला. केक तुमचा झाला. तुमचे पुडे मीच फोडले, संहिताच्या समोर. इसबगोल दह्यात भिजवला, तो गच्च फुगल्यावर पिठं, साखर आणि लोणी मिसळलं, जरा मुरू दिलं. ओव्हन आधी तापवून ठेवला. सोडा अगदी शेवटी, आणि धावत आत. मग त्या काचेसमोर मी पाटावर बसून राहिले. खरं सांगू? फुगू नये असंही एका कोपऱ्यात वाटत होतं. फुगला. असा काही फुगला, की सुरी लावली तरी एक कण सांडला नाही. चव घेतली आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं करतात, तुम्ही बघितलं नसेल. पाहुणे गोल करून खुर्च्यांवर बसायच्या आधी प्रत्येकाने माझा हात हातात घेतला, नातीबद्दल अभिनंदन म्हणाले. मी घेतलं. मग केकचं कौतुक सुरू झालं. कुणाला पटेना की यात मैदा नाही. माझी मान जरा ताठ होतेय, तोच अवनी मधे उभी राहून काहीतरी बोलली आणि सगळे हसले. मी संहिताला विचारलं, काय म्हणाली? ती सांगेना. सारंगने सांगितलं. ‘हा केक-आजीचा केक आहे. चिंच-आजीने फक्त भाजलाय.’

फक्त! ऐकलंत?

पण तिने तीन तुकडे खाल्ले. पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतही नेला, आणि पहिल्यांदाच स्वतःचं खाणं सगळ्या वर्गाला वाटलं. गाल जरा वर आलेत. हिंगाशिवाय वरण मला पाण्यासारखं लागतं, पण ती भुरके मारून संपवते.

तर मी बारा तारखेला निघतेय. मुक्काम वाढवायचा कागद सारंगने आणला होता, मी भरला नाही. तुम्ही या. गुडघ्यांचं मी मागे जे लिहिलं ते विसरा. घरात हीटर आहे आणि तुमचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. आपली विमानं आकाशात कुठेतरी एकमेकींना ओलांडतील. तेवढीच भेट.

वरचं कपाट रिकामं करून पुसून ठेवलंय. पुडे खाली, हाताशी आहेत. साबुदाण्याची पिठी संपत आलीय, येताना आणा. हिंगाचा पांढरा खडा मिळतो, शुद्ध, तो बघा, डबी नको. ओव्हनच्या बटणाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, काटा तिथे ठेवायचा.

आणि एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मुलं विसरतात. ती विसरली नव्हती. मी विमानतळावरून आले त्या दिवशी दार उघडल्या उघडल्या माझ्या मागे डोकावून तिने विचारलं होतं, केक-आजी कुठेय? त्यानंतर रोज विचारायची. तुम्हाला एकदाही कळवलं नाही मी. माझ्याच्याने लिहवेना.

आता तुम्ही इथे असाल आणि मी चिंचवडला. कधी जेवताना, कधी शाळेतून आल्यावर, तिने माझी आठवण काढली, माझ्या हातचं काही मागितलं, नुसतं वरण का असेना, तर मला लगेच लिहा.

आणि नाही मागितलं, तरी मागितलं म्हणून लिहा.

— चिंच-आजी